गूळ-खजूर वर्षभर खाल्लं, तरी हिमोग्लोबिन नऊवरच का?

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ३८. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सहा. वर्षभर अंगात त्राण म्हणून नाही. दोन जिने चढले की धाप लागते, दुपारच्या तासाला फळ्याजवळ उभं राहवत नाही, केस मूठ-मूठ गळतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही विहिरीचं पाणी शेंदून पोरं वाढवली, तुला मिक्सर-वॉशिंग मशीन असून थकवा येतो." मागच्या वर्षी हिमोग्लोबिन ९.८ होतं. तेव्हापासून गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट, डाळिंब नेमाने खातेय. बाकी सकाळी चहा-चपाती, दुपारी डबा, डब्यावर स्टाफरूममधला चहा. आता तपासलं तर ९.४! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. उष्ण पडतात म्हणून दुधाबरोबर घेतल्या. पण शौचाला काळं व्हायला लागलं, खडा धरायला लागला, म्हणून पंधरा दिवसांत सोडल्या. आणखी काय खाल्लं म्हणजे रक्त वाढेल?

ता. क. हसू नका, पण तांदूळ निवडायला बसले की मूठभर कच्चेच तोंडात जातात. मुलाच्या वेळेनंतर तांबी बसवली आहे, तेव्हापासून अंगावरून जास्त जातं, सात-आठ दिवस, गाठीही पडतात. पण आमच्याकडे सगळ्यांनाच तसं होतं. रिपोर्टचा फोटो सोबत जोडला आहे.
– दमलेली, जि. सांगली

उत्तर:

ताई, खरं दुखणं तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंय आणि प्रश्न मात्र खाण्याचा विचारलाय.

आधी तांदळाचं. हसण्यासारखं त्यात काही नाही, उलट ते लिहिलंत हे फार बरं केलंत. शरीरातलं लोह संपत आलं की पुष्कळ बायकांना असं काहीबाही खावंसं वाटतं. कुणी कच्चे तांदूळ खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी खडू, कुणी भाजकी माती, तर कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत बसतं. दवाखान्यात आपणहून कुणी हे सांगत नाही. "तांदूळ खाता का हो?" असं मी विचारलं की बाई आधी नवऱ्याकडे बघते, मग खाली बघते आणि मग हो म्हणते. गोळ्या नीट सुरू झाल्या की ही खायखाय बऱ्याचदा हिमोग्लोबिन वर यायच्या आधीच जाते. तुमचीही जाईल.

आता रिपोर्ट. त्यात सगळे हिमोग्लोबिनचा आकडा बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात. खालच्या ओळी बघा. एमसीव्ही ७०. म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. तो ८० ते १०० च्या दरम्यान असायला हवा, तुमच्या पेशी बारीक आहेत. आरडीडब्ल्यू १८.५. म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही बऱ्या, काही अगदीच किडमिड्या. लोह हळूहळू संपत गेलं की रक्त असंच दिसतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक व्यक्तींमध्येही पेशी बारीक असतात, पण त्यांच्यात पेशींची संख्या (रिपोर्टात ती दशलक्षांत देतात) बहुधा भरपूर असते, पाचाच्या वर. तुमची ४.३ आहे. त्यामुळे संशयाचं बोट लोहाकडेच जातं. (बाकी वाचकांसाठी: महिनोन्‌महिने लोह घेऊनही पेशी बारीकच राहत असतील, किंवा घरात कुणाला थॅलेसेमिया वा सिकलसेल असेल, तर एचपीएलसी नावाची, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून घ्या. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भाच्या पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या चघळत बसून उपयोग नाही.)

तुमच्या रिपोर्टात फेरिटिन नाही. ते करून घ्या, सोबत थायरॉइड आणि बी-१२ ही. हिमोग्लोबिन म्हणजे हातातला खर्चाचा पैसा आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक पार संपते तेव्हा कुठे हातातला पैसा कमी पडायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने फेरिटिन १५ च्या खाली गेलं की साठा संपला, आणि आम्ही बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचाराचा विचार करतो. तापात किंवा अंगात कुठे सूज असताना हा आकडा खोटाच वाढतो, म्हणून सर्दी-तापाच्या आठवड्यात ही तपासणी करू नका.

"बायकांचं नऊ-दहा असतंच" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, लॅबवाल्याकडूनसुद्धा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. नऊ-दहा सर्रास आढळतं ते यामुळे. सर्रास आढळतं म्हणून ते योग्य ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. "आमच्याकडे सगळ्यांनाच होतं" म्हणून जे सोडून दिलंत, त्याचा हिशेब मांडू. शिक्षिका आहात, आकड्यांना कंटाळणार नाही.

साधारण पाळीत तीस-चाळीस मिलीलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर आम्ही त्याला अतिस्राव म्हणतो. आठ दिवस आणि गाठी म्हणजे तुमचं शंभराच्या घरात जात असावं असं धरू. तुमच्यासारख्या पातळ झालेल्या रक्तातही शंभर मिलीलिटरमध्ये तीसेक मिलीग्रॅम लोह असतं. महिन्यावर पसरलं तर रोज एक मिलीग्रॅम. शिवाय त्वचा आणि आतड्यातून कुणाचंही रोज जवळजवळ एक मिलीग्रॅम जातंच. झाले दोन. आणि आपल्या शाकाहारी ताटातल्या लोहापैकी अंगी लागतं ते शंभरातलं पाच ते दहा. दिवसभरात पंधरा मिलीग्रॅम पोटात गेलं, तरी रक्तात उतरतं एक, फार तर दीड. दर महिन्याला तूट. वर्षभर गूळ-खजूर खाऊनही ९.८ चं ९.४ का झालं, ते एवढ्यावरून कळेल.

त्यामुळे पहिलं काम स्वयंपाकघरातलं नाही. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तांबीने पाळीत जास्त जातं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, बसवतानाच ते सांगायला हवं होतं. पण सगळा दोष तांबीवर टाकून मोकळं होऊ नका. याच वयात गर्भाशयात गाठी होतात, थायरॉइड बिघडतं. म्हणून सोनोग्राफी करून घ्या. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर ते आपणहून सांगा, लाजू नका. डॉक्टरांना "जास्त जातं" एवढंच सांगून भागत नाही. किती तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री उठावं लागतं का, रक्ताच्या गाठी केवढ्या असतात, डाग पडेल या धास्तीने शाळेत खुर्चीवरून उठायचं टाळता का, हे सगळं सांगा.

तांबीच कारण निघालं तर ती काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. मग पुढे काय? तांब्याऐवजी हार्मोन असलेलं तसंच साधन मिळतं, ते पाळीतलं रक्त उलट खूप कमी करतं. महाग आहे, पण पाच वर्षं तरी चालतं. फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्याही असतात. आणि दोन मुलांवर थांबायचं ठरलेलं असेल तर तुमच्या यजमानांची बिनटाक्याची नसबंदी हा सगळ्यांत सोपा मार्ग. तो विषय घरात निघत नाही हे मला माहीत आहे. काढा.

एक मात्र ऐका. पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये चव्हाट्यावर आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ऑपरेशन कधीकधी खरंच लागतं, पण ते पहिलं पाऊल नसतं.

आता गोळ्या. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी बरोबर होती, घेण्याची रीत चुकली. दुधाने पोट शांत राहतं, पण त्यातलं कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. तुमची निम्मी मेहनत त्या दुधाच्या पेल्यातच गेली. "उष्ण पडते" म्हणजे जळजळतं, मळमळतं, एवढंच ना? त्याला उपाय आहेत. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, आवळा किंवा पेरू खात असाल तर त्याच्यासोबत घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर उत्तम, मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या किंवा रात्री झोपताना घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताचं औषध यांच्यापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी चार तास.

शौचाला काळं होणं ही भिण्याची गोष्ट नाही. अंगी न लागलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्याचा तो रंग. (गोळी न घेताच काळं, डांबरासारखं चिकट होत असेल तर मात्र तडक डॉक्टरांकडे. ते पोटातलं रक्त असू शकतं.) खडा धरत असेल तर रात्री इसबगोल घ्या, पाणी वाढवा, आणि डॉक्टरांना विचारा की गोळी एक दिवसाआड घेतली तर चालेल का. ही पळवाट नाही. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं एक रसायन सोडतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्यातून लोह आत येण्याला आडकाठी करतं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या बायकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेण्यापेक्षा दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त अंगी लागतं, असं त्यात दिसलं. पोटाचा त्रासही कमी होतो. दोन-दोन गोळ्या घेऊन लवकर बरं व्हायची घाई त्यामुळे वायाच जाते.

औषधाच्या दुकानात गोळी घेताना पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे गोळीतलं निव्वळ लोह, किती लिहिलंय ते बघा. साठ ते शंभर मिलीग्रॅमची गोळी पुरते. रंगीत बाटलीतल्या टॉनिकात हा आकडा कधीकधी इतका कमी असतो की मोठ्या चमच्याने प्यायलं तरी काही होणार नाही. सरकारी उपकेंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत साठ मिलीग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं, आणि ती फुकट आहे म्हणून हलकी नाही. पण आठवड्याला एक ही तिची मात्रा रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. तुम्हाला तो झालेला आहे, तेव्हा तुमची मात्रा डॉक्टर ठरवतील.

किती दिवस? इथेच बहुतेक जणी चुकतात. हिमोग्लोबिन १२ झालं की "आता भरलं" म्हणून बंद करतात. तेव्हा फक्त खर्चापुरतं आलेलं असतं. आकडा १२ च्या वर गेल्यावर पुढे आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची, तेव्हा कुठे साठा भरतो. गोळ्यांचं पाकीट मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू नका. लहान मुलाने त्या गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.

आता तुमचा गूळ. शंभर ग्रॅम गुळात लोह धरा पाच मिलीग्रॅम, बनवण्याच्या रीतीप्रमाणे ते कमी-जास्त होतं. तुमचा खडा दहा ग्रॅमचा, म्हणजे त्यात अर्धा मिलीग्रॅम. त्यातलं अंगी लागणारं आणखी दहा-वीस पट कमी. बीटात शंभर ग्रॅमला एक मिलीग्रॅमही नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. लाल रंगावरून रक्त वाढतं असं कुणीतरी ठरवलं आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या किसतोय. खा, चांगलंच आहे, डाळिंबातलं क जीवनसत्त्व कामाचं आहे. पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. तुमच्या ९.४ पासून १२ च्या वर जायला आणि साठा भरायला मिळून आठशे-नऊशे मिलीग्रॅम लोह रक्तात उतरावं लागेल. तेवढं कुठल्याच ताटातून, वर गळती चालू असताना, भरून निघत नाही.

ताटाचा उपयोग आहे तो पुढे, भरलेलं टिकवायला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. घरात मात्र उरलंसुरलं कुणाच्या ताटात येतं ते सांगायला नको. जत-आटपाडीकडच्या असाल तर बाजरी घरचीच असेल. चपातीच्या जागी एक वेळ बाजरीची भाकरी करा. बाजरीचं 'धनशक्ती' वाण जास्त लोह असलेलं म्हणूनच निवडलेलं आहे, बियाणं घेताना विचारा. मटकी, हुलगे मोड आणून खा. मोडाने त्यातलं लोह मोकळं होतं. अळीव थंडीत लाडवांत घालतोच. आणि जेवताना लिंबाची फोड पिळा, रोज. या एका सवयीचा गूळ-बीटापेक्षा जास्त उपयोग होईल. मटण-मासे खात असाल तर त्यातलं लोह भाजीपाल्यापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. अंडं प्रथिनांसाठी उत्तम, लोहासाठी फारसं नाही.

चहा सोडा म्हणणार नाही, कारण तुम्ही सोडणार नाही. फक्त जागा बदला. चहा-चपाती हा आपल्याकडचा नाश्ता लोहाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट, आणि डब्यावरचा चहा त्याच्या खालोखाल. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणतो. आधी चहा, तासाभराने चपाती-भाजी. किंवा डबा झाल्यावर एक तास सोडून चहा. स्टाफरूममधलं वेळापत्रक तुम्हालाच बदलावं लागेल.

सासूबाईंच्या काळातली एक गोष्ट मात्र खरंच चांगली होती. त्यांच्या घरात लोखंडी कढई आणि तवा असणार. चिंच-आमसुलाची आमटी त्या कढईत उकळली की लोखंड थोडं थोडं आमटीत उतरतं, आमटी काळपट होते ती त्यानेच. नॉनस्टिक आलं आणि ती कढई माळ्यावर गेली. ती खाली काढा. बाकी, त्यांना थकवा येत नव्हता असं नाही, तो कुणी मोजला नव्हता. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाताना त्यांनाही सोबत न्या. पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते पाळीवर ढकलता येत नाही, पोटात कुठे रक्त जातंय का हे बघावंच लागतं.

थकव्याबद्दल एवढंच, की तो आळस नाही. रक्तातून प्राणवायू वाहून न्यायला लोह लागतं, आणि स्नायूंच्या पेशींत त्या प्राणवायूपासून शक्ती तयार करायलाही लोहच लागतं. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेल्या बाया थकलेल्या असतात. तुमचं तर हिमोग्लोबिनही कमी आहे, फेरिटिनही बहुधा तळालाच असणार, आणि त्यावर तुम्ही दिवसभर वर्ग सांभाळताय.

मुलीचं हिमोग्लोबिन याच आठवड्यात बघा. तेरा वर्षांची आहे, पाळी सुरू झाली असेल किंवा होईल, आणि उंचीही वाढतेय. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती गिळते की दप्तरात ठेवते, हे विचारा. जंताची गोळीही चुकवू नका. आकडेवाले जंत आतड्यातून रक्त पितात. तिची पाळी जड जायला लागली तर "आमच्याकडे सगळ्यांनाच होतं" हे तिला सांगू नका.

गोळ्या सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. निदान एकाने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी नीट जात नाहीये, किंवा गळती थांबलेली नाही, किंवा कारण वेगळं आहे, आणि मग सलाइनमधून लोह द्यायचा विचार करता येतो. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बसल्या जागी धाप लागली, छातीत सतत धडधडलं किंवा पॅड तासाभरात भिजायला लागलं, तर चार आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. फेरिटिन आणि सोनोग्राफीचा कागद हातात आला की मला पाठवा.